साताऱ्यात घर बघायला येताय? मग फिरायला येऊ नका, कामं घेऊन या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघंही पन्नाशीच्या आसपास, वाकडला फ्लॅट, दोघांचंही काम बरंचसं घरून, मुलगी शिकायला बाहेर. पुण्याला कंटाळून साताऱ्याला कायमचं यावं असं मनात आहे. एका रविवारी दुपारी येऊन राजवाडा, मोती चौक, राजपथ पायी फिरलात. गाव आवडलं, पण पेठांत सामसूम वाटली. या मध्यवस्तीत अजून जीव आहे का, की सरळ गोडोली किंवा शाहूपुरीकडं नवा फ्लॅट घ्यावा, हे तुम्हाला ठरवायचंय.

मी वास्तुविशारद. सत्तावीस वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या मध्यम आणि लहान शहरांत काम करतोय. त्यातलं निम्म्याहून जास्त काम जुन्या पेठांतलं: वाडे, त्यांच्या दुरुस्त्या, पडलेल्या भिंती आणि त्या भिंतींवरून झालेली भांडणं. सोळा वर्षांपूर्वी मीही बाहेरूनच इथं आलो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी त्या सामसूमीबद्दल. तुम्ही आलात रविवारी आणि तेही दुपारी अडीचला. अडीचला पेठ बघून मत बनवणं म्हणजे वामकुक्षी घेणाऱ्या माणसाकडं बघून तो अबोल आहे असं ठरवणं. इथं दुपारी एक ते चार शटर अर्धं खाली असतं आणि त्यामागं मालक आडवा झालेला असतो. हा सुस्तपणा तुम्हाला चालणार आहे का, हाही घर घेण्यापूर्वीचाच प्रश्न आहे. दुपारी तीनला प्रिंटरची शाई मिळाली नाही म्हणून चिडचिड होणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी पुण्यातच राहावं.

पुढच्या वेळी बाजारात शिरण्याआधी चार भिंतींवर जा. अजिंक्यतारा किल्ल्याच्या अंगाला असलेलं हे हुतात्मा स्मारक. तिथून गाव पसरलेल्या नकाशासारखं दिसतं, आणि नकाशात जे दिसत नाही तेही दिसतं: उतार. दक्षिणेला किल्ला, तिथून जमीन उत्तरेला वेण्णा नदीकडं उतरत जाते. या उताराला आडवे दोन मुख्य रस्ते. वरचा तो राजपथ, खालचा तो कर्मवीर पथ. सातारकर नावं घेत नाहीत, 'वरचा रस्ता' आणि 'खालचा रस्ता' म्हणतात. पेठा या दोन रस्त्यांना वरखाली लटकलेल्या आहेत. त्यामुळं राजवाडा ते पोवई नाका हे दोनेक किलोमीटर तुम्ही सत्तरीतही आरामात चालाल, पण वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्यावर भाजीची पिशवी घेऊन उतरणं आणि परत चढणं हे गुडघ्यांचं काम आहे. 'बाजार तीनशे मीटरवर' असं दलालानं सांगितलं तर विचारा, आडवं तीनशे की उभं तीनशे. तुम्ही पन्नाशीत घर घेताय. ते वापरणार आहात पंच्याहत्तरीत.

गावाचा इतिहास लोक पेढ्यांबरोबर सांगतात, पण त्यातला एक भाग घर शोधणाऱ्याच्या कामाचा आहे. १७०८ मध्ये थोरल्या शाहू महाराजांचा राज्याभिषेक किल्ल्यावर झाला आणि मग खाली पायथ्याशी शहर वसत गेलं. वारांच्या नावाच्या पेठा, शिवाय यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा, केसरकर, मल्हार. पुढं छत्रपती प्रतापसिंहांच्या काळात रस्ते आणि पाणी यांची नीट आखणी झाली. १८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केलं आणि १८४८ मध्ये संस्थानच खालसा केलं. इंग्रजांचा कॅम्प पूर्वेला बसला, तो आजचा सदर बझार: रुंद रस्ते, बंगले, कचेऱ्या. तेव्हापासून या गावाच्या मध्याला दोन टोकं आहेत. राजवाड्याच्या टोकाला मंडई, देवळं, नगर वाचनालय, जुन्या राजवाड्यातलं प्रतापसिंह हायस्कूल (७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ज्या शाळेत दाखल झालं, ती ही शाळा). पोवई नाक्याच्या टोकाला बँका, सरकारी कामं, एसटी स्टँड, दवाखाने. 'साताऱ्याचा मध्य कुठं' असं दोन सातारकरांना विचारलंत तर दोन उत्तरं मिळतील, आणि दोन्ही बरोबर असतील.

गेल्या पंधरा वर्षांत धंद्याचा भार नाक्याकडं आणि त्याही पलीकडं हायवेकडं सरकताना मी पाहिला आहे. २०२१ मध्ये नाक्याखालचा ग्रेड सेपरेटर, म्हणजे चौकाखालून जाणारा रस्ता, सुरू झाला, तोही त्याच सरकण्याचा एक भाग. मोठी शोरूम, मोठी हॉटेलं आता तिकडं. पण म्हणून राजवाड्याचं टोक मेलं असं नाही. तिथला गाडीवाला ग्राहक गेला, पायी येणारा राहिला. तुमच्यासारख्यांच्या दृष्टीनं ही बातमी चांगली आहे.

आता शीर्षकातली गोष्ट. घर बघायला येणारी माणसं पर्यटकासारखी येतात: किल्ला, पेढे, राजवाड्याजवळची खाऊगाड्यांची चौपाटी, फोटो, परत. असं करू नका. मंगळवार-बुधवार असे दोन मुक्काम ठेवा आणि पाच खरी कामं बरोबर आणा. मिक्सरच्या भांड्याचं घासलेलं पातं, तुटलेल्या पट्ट्याची चप्पल, चष्म्याचा सैल झालेला दांडा, उपाशीपोटी करायची रक्ताची तपासणी, आणि पाचवं, कुठल्याही एका मिळकतीच्या प्रॉपर्टी कार्डाची (मालकीच्या सरकारी नोंदीची) नक्कल काढणं. ही पाच कामं गाडी न काढता किती वेळात होतात ते घड्याळ लावून बघा. माझ्याकडं आलेल्या एका जोडप्याची चार कामं सकाळी साडेदहा ते एकमध्ये झाली. चष्म्याचे पैसे दुकानदारानं घेतलेच नाहीत, 'एक स्क्रू तर बसवलाय' म्हणाला. पाचव्या कामाला तीन खेपा लागल्या. शहर कसं आहे हे मी त्यांना महिनाभर सांगून कळलं नसतं, ते त्यांना एका दिवसात कळलं.

या कामांच्या निमित्तानं एक प्रश्न तुम्हाला किमान तीनदा विचारला जाईल: 'कुणाकडं आलाय?' पुण्यात हा प्रश्न आगाऊपणा ठरतो. इथं तो ओळखीचं पहिलं पान आहे. 'कुणाकडं नाही, राहायला यायचा विचार आहे' असं सरळ सांगा आणि मग ऐकत बसा. कोणत्या गल्लीत पाणी येत नाही, कोणत्या वाड्यात भावाभावांचा दावा चालू आहे, कोणत्या इमारतीची लिफ्ट दोन वर्षं बंद आहे, ही माहिती कुठल्याही संकेतस्थळावर नाही. चप्पल शिवणाऱ्याकडं आहे. अर्थात त्यानं विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं द्यावी लागतील. आडनाव, गाव, मुलगी काय करते, सगळं. हे नकोसं वाटत असेल तर पेठेत राहू नका, वाईट काही नाही त्यात.

दुसरं काम डोळ्यांचं. पेठेत दुकानं बघू नका, दुकानांच्या वर बघा. पेठेची तब्येत पहिल्या मजल्यावर कळते. वाळत घातलेले कपडे, तुळस, मुलांची सायकल गॅलरीत बांधलेली, रात्री आठला उजेड असलेल्या खिडक्या. जिन्याखाली विजेचे मीटर असतात, तिथं दोन मिनिटं थांबा. आठ मीटर आणि आठही फिरताहेत म्हणजे आठ कुटुंबं आहेत. आठांपैकी पाच थंड, त्यांवर धूळ, म्हणजे वर गोडाऊन झालंय किंवा कुलूप आहे. राजपथाच्या अगदी तोंडावरच्या इमारतींत वरचे मजले बऱ्याच ठिकाणी क्लास, दवाखाना, पतसंस्था, मालाची साठवण असे गेले आहेत. रात्री नऊनंतर तिथं शेजार उरत नाही. पण त्याच रस्त्यावरून आत दुसऱ्या-तिसऱ्या गल्लीत शिरा. संध्याकाळी ओट्यावर माणसं बसलेली असतील आणि तुम्ही दुसऱ्यांदा गेलात तर तुमच्याकडं बघून मान हलवतील. राहायचं ते इथं.

पाणी. यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण घर बघायला येणारे यावर सर्वांत कमी घालवतात. साताऱ्यात पाणी एका ठिकाणाहून येत नाही. पंचवीसेक किलोमीटरवरच्या कास तलावाचं पाणी डोंगरावरून उताराच्या जोरावर शहरात येतं. शहापूर योजनेचं पाणी उरमोडी नदीतून पंपानं उचललं जातं. आणि उपनगरांचा बराच भाग जीवन प्राधिकरण या राज्य सरकारच्या संस्थेच्या कृष्णेवरच्या योजनेवर आहे. फरक काय? पंपाच्या योजनेत वीज गेली किंवा मोटर जळली की दोन दिवस नळाला पाणी नाही. कासच्या पाण्याला वीज लागत नाही. तिथं अडचण वेगळी, उन्हाळ्यात तलावाची पातळी. आता कासच्या धरणाची उंची वाढवली आहे, त्यामुळं ती ओढही कमी झाली. तेव्हा घरमालकाला 'पाणी आहे का' असं विचारू नका. प्रत्येक जण हो म्हणतो. कुठलं पाणी, किती वाजता, किती वेळ, आणि वरच्या मजल्याला मोटर न लावता चढतं का, असे चार प्रश्न विचारा. मग गच्चीवर जाऊन टाक्या मोजा. चार घरांना आठ टाक्या असतील तर उत्तर मिळालं.

जाता जाता: या गावाचं पाण्याचं शहाणपण जुनं आहे. यवतेश्वराच्या डोंगरातलं पाणी खापरी नळांनी गावातल्या हौदांत खेळवलं होतं. कमानी हौद, पंचपाळी हौद ही नावं आज फक्त पत्ता सांगायला उरलीत, पण मंगळवार तळ्याच्या काठावर सकाळी उभं राहिलं की गाव कुणी विचार करून वसवलं होतं हे अजून जाणवतं. असो.

आता माझी चूक सांगतो. इथं आलो तेव्हा शनिवार पेठेत एका वाड्याचा वरचा मजला भाड्यानं घेतला. बघायला आलो होतो फेब्रुवारीत. ऊन छान, पश्चिमेला मोकळी जागा, अजिंक्यताऱ्याचा तुकडा दिसायचा. वास्तुविशारद असूनही त्या मोकळ्या जागेचा अर्थ मला लागला नाही. तिथं शेजारचा वाडा होता आणि तो पाडलेला होता. जी भिंत दीडशे वर्षं दोन घरांच्या मध्ये कोरडी होती, ती एकाएकी बाहेरची भिंत झाली होती. आत माती आणि विटा, बाहेरून गिलावा नाही. जूनमध्ये पश्चिमेचा पाऊस तिरपा लागला आणि पंधरवड्यात माझ्या पुस्तकांना बुरशी धरली. मालकाचा दोष नव्हता, त्यानं 'ओल येते थोडी' असं सांगितलं होतं. 'थोडी' या शब्दाचा अर्थ मी कोरड्या दिवसांत लावला.

म्हणून पेठेतलं घर बघताना घरापेक्षा शेजारचं घर नीट बघा. सामाईक भिंतीच्या पलीकडं काय आहे? राहतं घर असेल तर उत्तम. पडका, कुलूपबंद वाडा असेल तर तो कधीतरी पडणार किंवा पाडला जाणार, आणि त्या दिवशी तुमची भिंत उघडी पडणार. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नगरपालिका धोकादायक इमारतींना नोटिसा देते. तुमच्या डाव्या-उजव्या मिळकतीला अशी नोटीस आली होती का, हे पालिकेत चौकशी करून कळतं. पावसाचं इथं आणखी एक आहे: पश्चिमेला यवतेश्वराकडं जावं तसा तो वाढत जातो, पूर्वेला कोरेगावकडं जावं तसा ओसरतो. राजवाड्यापलीकडं समर्थ मंदिर-बोगदा भागात जे घर घ्याल, त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर पत्रा किंवा चांगलं जलरोधक गिलाव्याचं काम लागेलच. तो खर्च किमतीत धरा.

कागदांचं सगळं इथं लिहीत नाही, त्यासाठी वकील करा, आणि तो स्थानिक असू दे. तरी दोन गोष्टी. पेठेत जुन्या वाड्याचा भाग किंवा त्या जागेवरचा फ्लॅट घेत असाल तर प्रॉपर्टी कार्डावरची नावं मोजा. तीन पिढ्यांत वाटणी न झालेली मिळकत असेल तर अकरा वारस निघतात, त्यातला एक परदेशात आणि एक रुसलेला असतो. शिवाय तळमजल्यावर जुना भाडेकरू असेल तर तो कायद्यानं तिथं बसलेला आहे, तुम्ही घर घेतलंत म्हणून उठणार नाही. रस्तारुंदीची रेषा मिळकतीतून जाते का, हे विकास योजनेच्या भाग नकाशावर बघून घ्या. उपनगरात दुखणं वेगळं. २०२० मध्ये शहराची हद्द वाढली आणि शाहूपुरी, विलासपूर यांसारखे भाग पालिकेत आले. तोवर तिथं ग्रामपंचायत होती. त्या काळातल्या काही इमारतींचे परवाने, बिनशेती आदेश (शेतजमीन बांधकामाला वापरायची परवानगी), पोहोच रस्त्याची मालकी हे सगळं एकत्र दाखवा म्हटलं की फाइल पातळ निघते. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरता येईल असा दाखला, नसेल तर दर कितीही कमी असो, माझा सल्ला नाही असाच आहे. आणि इमारतीलगत 'छोटा नाला' दिसत असेल तर तो डोंगरावरून येणारा ओढा आहे. तो आठ महिने छोटा असतो.

बाकीचं पटकन. पुणे एकशेदहा किलोमीटर. कागदावर दोन तास, शुक्रवारी संध्याकाळी खंबाटकी घाट ठरवेल तेवढे. स्वारगेटला एसटी भरपूर. रेल्वे स्टेशन गावात नाही, माहुलीजवळ आहे, तिथपर्यंत रिक्षा ठरवावी लागते. जिल्हा रुग्णालय सदर बझारात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आता सुरू झालंय, पण काही मोठ्या आजारांना लोक अजून पुणं किंवा कऱ्हाड गाठतात. हृदयाचा त्रास असलेलं कुणी घरात असेल तर रात्री दोनला कुठं जायचं हे आधी ठरवून ठेवा. इंटरनेटची तार नाक्यापासून राजवाड्यापर्यंत सगळीकडं पोहोचली आहे. फक्त वीज गेली की गल्लीतला इंटरनेटचा पेटाराही बंद पडतो, तेव्हा घरून काम करणाऱ्यांनी दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी ठेवावी.

आवाजाबद्दल मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण दलाल सांगणार नाही. गणपतीचे शेवटचे दिवस राजपथावर झोप नाही. मिरवणुकांचा मार्ग तोच, ध्वनिवर्धक तेच. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कास पठार फुललं की शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या समर्थ मंदिर-बोगदा भागातून यवतेश्वराचा घाट चढतात. २०१२ मध्ये पठाराचं नाव जागतिक वारशाच्या यादीत आल्यापासून ही गर्दी वाढतच गेली. तुम्ही आज ज्या गाड्यांत बसून येताय, उद्या त्याच गाड्यांना नावं ठेवाल. आम्ही सगळ्यांनी ते केलंय.

तर तुमच्यापुरतं माझं मत: राजपथाच्या तोंडावर नको, आणि गोडोली-शाहूपुरीकडचा नवा फ्लॅटही एवढ्यात नको. त्या भागात वाईट काही नाही, सोयी आहेत, गाडी उभी करायला जागा आहे. पण तिथं प्रत्येक कामाला गाडी काढणार असाल तर वाकड सोडून काय मिळवलंत? कमानी हौद ते राजवाडा या पट्ट्यात, वरच्या रस्त्यापासून एक-दोन गल्ल्या आत, शक्यतो त्या रस्त्यापासून चढउतार न लागता पोहोचता येईल असं, वर-खाली राहतं कुटुंब असलेलं घर बघा. गाडीला जागा मिळणार नाही. ती महिन्याच्या भाड्यानं दुसरीकडं ठेवावी लागेल आणि तिथवर पाच-सात मिनिटं चालावं लागेल. पहिल्या महिन्यात याचा राग येईल.

आणि लगेच विकत घेऊ नका. अकरा महिन्यांचा भाडेकरार करा, पण तो जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल असा. मालक म्हणेल दिवाळीनंतर या, तेव्हा रंग देऊन ठेवतो. रंग नको म्हणा. रंगाखाली ओल झाकली जाते. जूनमध्ये शिरलात की पाऊस, गणपती, कासची गर्दी, दिवाळीचा बाजार आणि एप्रिलची पाणीटंचाई हे सगळं एकाच करारात बसतं. करारात गच्चीवरची कुठली टाकी तुमची आणि मोटर किती वाजता कोण लावणार, एवढं मात्र लिहून घ्या. माझ्या पाहण्यातली पेठेतली निम्मी भांडणं त्या मोटरच्या बटणावरून सुरू झाली आहेत.